बाओझू काकूंचा ठराव

बाओझू काकूंचा आवाज किनमेन बेटावर तीन गावांपलीकडे ऐकू जाई, आणि तो त्यांना फुकट मिळालेला नव्हता. समोरच्या किनाऱ्यावर शत्रू, त्यामुळे बेटावर जो जन्मला तो आधी शिपाई, मग माणूस. सोळाव्या वर्षी गावातल्या सगळ्या पोरींसारखी काकूंच्याही हाती बंदूक आली. पुढे त्या महिला पथकाच्या नायक झाल्या, राजधानीत, तैपेईच्या संचलनात हुकूम देऊन आल्या. मग लग्न झालं, तीन पोरं झाली, बंदूक परत गेली. आवाज मात्र कुणी परत मागितला नाही. तो नवऱ्याच्या, म्हणजे ली वानछायच्या, वाट्याला आला.

काकूंची सगळी दौलत समुद्रात होती. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात त्यांचे चारशे दगड उभे होते आणि दगडांवर कालवं. पण किनाऱ्याला काटेरी तार, तारेत एकच फाटक, आणि फाटकाला लष्कराचं कुलूप. ते उघडे सकाळी आठला, बंद होई अकराला. समुद्राला हे वेळापत्रक कुणी कळवलेलं नव्हतं. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरके, आणि महिन्यातले कितीतरी दिवस बायका टोपल्या घेऊन बंद फाटकातून उघडे दगड बघत बसत.

यंदा तर कहर होता. नव्या वर्षाच्या सणाआधीचा आठवडा, कालवं अंगठ्याएवढी फुगलेली, आणि ओहोटी नेमकी फाटक बंद झाल्यावर, भर दुपारी. हा आठवडा गेला की माल गेला. "हे वर्ष बुडालं तर दगड विकून पोराकडे तैपेईला," काकूंनी जाहीर केलं होतं. वानछायला तैपेईच्या जिन्यांची भीती वाटे. पण तो सहसा बोलत नसे.

त्याच हिवाळ्यात बेटावरची छत्तीस वर्षांची लष्करी राजवट उठली. गावावर नेमलेले लेफ्टनंट शिए साहेब शनिवारी गणवेश काढून गेले आणि सोमवारी निळ्या स्वेटरात ग्रामसेवक म्हणून हजर झाले. टेबल तेच, खुर्ची तीच, बुटांची चकाकीही तीच. त्यांनी ली घराण्याच्या पूर्वजगृहात ग्रामसभा बोलावली. सभा गावाला नवी नव्हती. साहेब वाचायचे, "कुणाचं काही म्हणणं?" विचारायचे, गाव "नाही!" म्हणायचं, टाळ्या, आणि सगळे जेवायला घरी.

या खेपेला साहेबांनी विचारलं आणि मागून आवाज आला, "आहे!"

सभेच्या माना एकदम वळल्या. सरपंच हुंग यांच्या हातातला चहा सांडला.

"फाटक ओहोटी बघून उघडावं," काकू म्हणाल्या. "असा ठराव मांडते."

"काकू, फाटक सैन्याचं आहे," शिए साहेब समजुतीने म्हणाले.

"फाटक सैन्याचं, पण कालवं माझी! आणि पोट तुमचंही, साहेब. मागच्या सणाला माझ्याकडच्या कालवांच्या शेवया तीन वाट्या हाणल्यात."

सभेत खसखस पिकली. बायकांच्या बाजूने कुणीतरी "चार!" म्हणालं. साहेब लाल झाले, पण नियम तो नियम. ठराव आला म्हणजे मतं मोजणं आलं. त्यांनी घसा खाकरला. "फाटकाची वेळ आहे तशीच ठेवावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं. मत देताना एवढंच आठवा, की आपल्या दिवंगत राष्ट्राध्यक्षांनी..."

खाड! छप्पन्न जोड्या टाचा जुळल्या. त्यांचा उल्लेख झाला की ताठ उभं राहायचं, हे बेटावर पोरांना चालण्याआधी शिकवत. खुद्द साहेबही सावधान उभे. म्हाताऱ्या पानआज्जी, ज्यांना उठवायला एरवी दोन नाती लागत, त्याही उभ्या.

साहेबांनी नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "छप्पन्नच्या छप्पन्न! ठराव मांडणाऱ्या काकूसुद्धा विरोधात!"

काकूंनी खाली पाहिलं. खरंच की! आपलेच पाय, आपल्याच ठरावाविरुद्ध, ताठ. त्यांच्या मस्तकात तिडीक गेली.

"बसाऽऽऽ!"

आवाज थेट तैपेईच्या संचलनातला. सभा धपकन खाली बसली. सरपंच बसले, आज्जी बसल्या, शिए साहेबही बसले आणि बसल्यावर चपापले.

काकू एकट्या उभ्या. क्षणभर त्यांना फार बरं वाटलं. मग त्यांनी समोरची ती सगळी गुमान तोंडं पाहिली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मानाने हळू. "यांनी म्हटलं की उठतो, मी म्हटलं की बसतो. यात आपलं मत कुठंय? मला माझ्या हुकमाने जिंकायचं नाही."

"मग कसं जिंकायचंय, बाई?" सरपंच रडकुंडीला आले.

"पडद्यामागे. कुणाला न दिसता."

पूर्वजांच्या देव्हाऱ्यामागे पडदा लावून दोन मडकी ठेवली, लाल कागदाचं म्हणजे ओहोटी, कोरं म्हणजे अकराची वेळ. माणशी एक भुईमुगाची शेंग. एकेक जण आत जाऊ लागला. बाहेर आलेला प्रत्येकजण चोरी केल्यासारखा हसत होता. पानआज्जी आत इतक्या रमल्या की हाका माराव्या लागल्या. "घाई कशाला करता रे?" त्या आतून ओरडल्या. "ऐंशी वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारतंय!"

शेंगा मोजल्या. लाल तीस, कोरं एकवीस.

"पाच कमी," साहेब म्हणाले.

"खाल्ल्या असतील. भाजलेल्या होत्या," आज्जी तोंड पुसत म्हणाल्या.

बायकांनी जो गलका केला त्याने कौलं हलली. साहेब कागद भरायला बसले आणि अडले. छापील नमुन्यात 'एकमताने मंजूर' एवढंच होतं. दुसरा पर्याय छापायची आजवर गरज पडली नव्हती. त्यांनी 'एकमताने'वर काट मारली, वर 'तीस विरुद्ध एकवीस' लिहिलं, आणि कागद लांब धरून जरा वेळ बघितला.

ठराव लष्करी तळावर गेला, आणि उत्तर चौथ्या दिवशी आलं: एक महिना करून पाहू. त्याच दुपारी सव्वातीनला शिपायाने कुलूप काढलं. बायका टोपल्या उडवत, एकमेकींना ढकलत चिखलात धावल्या. काकूंनी पहिल्या दगडावर कोयती घातली तेव्हा पाणी अजून उतरतच होतं. वानछाय टोपली धरून शेजारी उभा.

"काय हो, तुम्ही कुठल्या मडक्यात टाकली?"

"सांगणार नाही."

"म्हणजे?"

"पडदा तूच लावायला सांगितलास," वानछाय म्हणाला आणि पुढच्या दगडाकडे निघाला.

"अहो! थांबा! मी विचारतेय ना!" काकू ओरडल्या. आवाज तीन गावं ओलांडून गेला. वानछाय थांबला नाही.