कृष्णविवर, नवे तारे आणि माझी मुलाखत

मंडळी, आज दुपारी खगोलशास्त्रातल्या पीएचडीच्या प्रवेशाची मुलाखत दिली. वय बेचाळीस, त्यातली अठरा वर्षं आयटीत गेली.

समितीतल्या ज्येष्ठ बाई अर्ज चाळत म्हणाल्या, "आपण जरा उशीरच केलात, नाही?"

"हो. म्हणून आता थांबायचं नाहीये."

"बरं. दीर्घिकेतलं कृष्णविवर आणि नवे तारे यांचा संबंध काय?"

"दोन्ही एकाच वायूवर वाढतात. पण कृष्णविवर फार वाढलं, तर त्याच्याभोवती निर्माण होणाऱ्या ऊर्जेने तो वायू तापून उधळला जातो आणि नवे तारे जन्मणं थांबू शकतं."

"प्रत्येक दीर्घिकेत असंच होतं?"

"माहीत नाही, मॅडम. तेच शोधायचंय."

बाई पहिल्यांदाच हसल्या. संध्याकाळी निवडीची मेल आली. उद्या राजीनामा देतेय.

चाळिशीनंतर पुन्हा वर्गात बसलेलं कुणी आहे का इथे? पहिला दिवस कसा गेला?