पाहून लिहिणारे शफीभाई

शफीभाई पहिल्यांदा आमच्या शाळेत आले तेव्हा त्यांनी मला नमस्कारसुद्धा केला नाही. लुना लावली, खिशातून मोजपट्टी काढली आणि पडलेल्या छताच्या ढिगाऱ्यात उकिडवे बसून सळया मोजायला लागले. मला रागच आला. आठवडाभर जो तो येऊन फोटो काढून जात होता.

"कोण हो तुम्ही?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"पंचायत समितीतला बाबू," मान वर न करता ते म्हणाले. "विधानसभेत तुमच्या छताचा प्रश्न लागला. उत्तर मले लिहा लागते. अन् मी पाह्यल्याशिवाय लिहीत नाही."

पाहून लिहिणारा बाबू! यवतमाळ जिल्ह्यात इतकी वर्षं मास्तरकी केली, असा प्राणी पाहिला नव्हता. प्रश्न नागपूरच्या अधिवेशनात विचारला जातो, पण उत्तराचा पहिला कागद तालुक्यातला एखादा बाबू तयार करतो आणि खुर्चीवरून न हलता 'हे खरे नाही' लिहून मोकळा होतो. पुढे तोच कागद सह्या गोळा करत मंत्र्यापर्यंत जातो.

छत रविवारी पडलं म्हणून पोरं वाचली. दुरुस्तीला वर्षही झालं नव्हतं. पण मला धास्ती होती ती वेगळ्याच कारणानं. लोकार्पणाच्या दिवशी अंगणात मांडव घातलेला, फीत कापायला आमदार निघालेले, आणि ठेकेदार 'काम समाधानकारक' असा दाखला घेऊन माझ्यापुढे उभा. छताखालचे टेकू अजून काढायचे होते. पाहुणे दारात असताना कुठे कुरकुर करायची, म्हणून मी सही ठोकली. आमच्याकडे असंच चालतं. आता वरून तोंडी निरोप आला होता की दोष मुख्याध्यापिकेवर टाका. म्हणजे माझं निलंबन. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना ही शोभा!

शफीभाईंपुढे मी चक्क रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "सही केली ते बी लिहून द्या. टेकू उभे होते ते बी लिहा. अर्धं खरं लवकर सडते, मॅडम."

"पण फीत तर आमदारांनीच कापली होती. त्यांना त्या ठेकेदाराचा राग कसा येत नाही हो?"

ते हसले. "पोट्ट्यानं चोरी केली तं बाप पयले दार लावते, मंग पोट्ट्याले मारते. शेजाऱ्यानं ऐकू नये म्हणून. हे लोक बी दार लावतेत. मारायचं तेवढं राहून जाते."

मी माझा कागद द्यायला पंचायत समितीत गेले, त्याच दिवशी आमदार तिथे आले. अधिकारी ताडकन उभे राहिले. शफीभाईही उठले, पण पेनाचं टोपण लावून, सावकाश.

"शफीभाई, सरकार आपलं हाय," आमदार गोडीत म्हणाले. "अधिवेशन तोंडावर आलं. उगाच बदनामी नको. 'खरे नाही' लिहून टाका. त्या मॅडमचं काय ते मंग पाहू."

त्या मॅडम तिथेच दाराशी उभ्या होत्या.

"लिहितो ना भाऊ," शफीभाई म्हणाले. "पण त्या बारीक सळयांचे फोटो गावातल्या घरोघरच्या मोबाईलात हायेत. तिकडं मंत्र्यानं 'खरे नाही' म्हटलं अन् समोरच्या विरोधकानं फोटो वर केला, तं इज्जत कोणाची जाईन? ठेकेदाराची का सरकारची?"

आमदार हळूच म्हणाले, "सळया खरंच बारीक होत्या?"

इतक्या दिवसांत हे कोणीही विचारलं नव्हतं. शफीभाईंनी मोजपट्टी उचलली. "चला, दाखवतो."

आमदार काही आले नाहीत. पण कागदही त्यांनी अडवला नाही.

नागपुरात मंत्र्यांनी सांगितलं की हे खरे आहे. अभियंता निलंबित झाला, ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला आणि मला लेखी ताकीद मिळाली. ताकीद मिळाली म्हणून देवापुढे पेढे ठेवणारी मुख्याध्यापिका बहुधा मी एकटीच असेन.

शफीभाईंची मात्र आठवड्यात बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, उमरखेडला. मी बसस्थानकावर गेले. "माझ्यापायी झालं हे सगळं," एवढंच मला बोलता आलं.

"काहून रडून राह्यल्या? तिथं जवळच ढाणकीत बहीण हाय माही. खायची ददात नाही." ट्रंक आत सरकवून ते खिडकीशी बसले. "अन् एक ध्यानात आलं का, मॅडम? मंत्र्यानं भर सभागृहात 'खरं हाय' म्हटलं. तरी सरकार पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सारी ऑफिसं वेळेवर उघडली. उगाच भेतेत बिचारे."

बस गेली. मी बाकावर बसून आधी रडले, मग एकटीच हसत सुटले. शेजारची बाई घाबरून म्हणाली, "काय झालं वो?"

"काही नाही," म्हटलं, "वाचले बाई मी."