गिलाव्याला लावलेला कान

माझे भाऊजी गवंडी. गिलाव्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. भिंत वाळली की ते बोटांच्या पेरांनी टकटक करतात, कान लावून ऐकतात आणि पोकळ वाजला तेवढा तुकडा स्वतःच खरवडून काढतात. त्यांच्या तळहातांवर रेघांचं दाट जाळं. "सिमेंटनं खाल्लेत," म्हणायचे. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

मग ताईच्या तान्ह्या मुलीच्या गालांवर, कोपरांच्या घडीत लाल चट्टे उठले. पोर खाजवून खाजवून रडायची. भाऊजींनी तिला उचलायचंच सोडलं.

"लेक जड झाली वाटतं बापाला!" मी टोमणा मारला.

"माझ्या अंगावरचं सिमेंट बाधतंय गं तिला." घासून आंघोळ केली तरी ते तिला दारातूनच बघायचे.

डॉक्टरबाईंनी चट्टे पाहिले, मग पोरीची मूठ उघडली. इवल्याशा तळव्यावर रेघाच रेघा.

"भविष्य सांगताय की काय?" ताई हसली.

"तुम्हा दोघांचे तळवे दाखवा."

ताईचा हात साधा होता. भाऊजींनी आपला पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "मी गवंडी आहे हो. हे सिमेंटचं..."

"आणि हिनं कुठल्या भिंती बांधल्या?"

भाऊजींनी हात पुन्हा पुढे केला.

कातडी घट्ट राखणारं एक प्रथिन असतं, बाईंनी समजावलं. ते बनवणाऱ्या जनुकात काही घराण्यांत फरक असतो; तळव्यावरच्या या दाट रेघा ही त्याचीच खूण. "तुमच्या भाषेत, गिलावा विरळ. बाहेरचं आत झिरपतं. अशा मुलांना खाण्याची ॲलर्जी, पुढे दमा, यांचा धोका जास्त. होईलच असं नाही."

दमा म्हणताच भाऊजी खुर्चीत खचले. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी त्यानंच गेला होता. छातीत शिट्टी वाजायची त्याच्या.

"म्हणजे माझ्याच रक्तातून आलं," ते पुटपुटले. "सिमेंट असतं तर धुतलं तरी असतं."

बाई म्हणाल्या, "घाबरून अंड्यासारखं खाणं टाळाल तर ॲलर्जीची शक्यता उलट वाढेल. अंड्याची पहिली चव इथंच देऊ, माझ्या डोळ्यांसमोर."

पुढच्या खेपेला, ॲलर्जी उठलीच तर म्हणून, नर्स इंजेक्शन तयार ठेवून उभी राहिली. पोरीनं चमच्यातलं शिजवलेलं अंडं चाटलं, तोंड वाकडं केलं आणि परत आ वासला. आम्ही वाट बघत बसलो. ताईनं माझी बोटं चुरगाळून टाकली.

हनुवटीवर एक लाल ठिपका उठला. शेजारी दुसरा.

"बाई!" भाऊजी ताडकन उठले.

बाईंनी छाती तपासली. "श्वास मोकळा आहे. नुसत्या लाळेनंही असं उठतं. थांबून बघू."

भाऊजींना कुठला धीर! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी लेकीला उचललं, भिंतीला लावतात तसा तिच्या पाठीला कान लावला आणि डोळे मिटले.

"काय ऐकू येतंय?" ताईनं विचारलं. "अहो, सांगा ना!"

"शिट्टी नाही," ते म्हणाले. "आत्ता तरी नाही."

कान मात्र त्यांनी काढला नाही.