बावीस मिनिटांत सावरलेला कारखाना

खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे टोपीसाहेब म्हणत. हुद्दा सेफ्टी ऑफिसरचा. पण वीस वर्षं दिसेल त्याला "टोपी घाला" म्हणत फिरल्यावर दुसरं काय नाव पडणार! पुठ्ठा कापायच्या प्रेसवर त्याचे भावोजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना तिथे चिकटवलं होतं यानंच.

हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर तीन महिने बंद होता. टोपीसाहेबाने तीन पत्रं लिहिली. तिन्हींना उत्तर एकच, "बघतो." एकदा त्याने प्रेस बंदच ठेवली, तर मॅनेजरने तासाभरात चालू करायला लावली. मग एका मंगळवारी भावोजींच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

महिन्याभराने हेड ऑफिसचा फॉर्म आला. संकटातून कारखाना किती सावरतो ते मोजायचं, शंभरपैकी. मॅनेजरने त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"अपघातानंतर काम किती वेळात सुरू झालं?"

"बावीस मिनिटांत."

त्याला पाठच होतं. भावोजींना गाडीत घालून तो गेटपर्यंत पोचला नव्हता, तोच मागे प्रेसचे ठोके सुरू झाले होते.

"बावीस! अहो, तिसाच्या आत पैकीच्या पैकी आहेत."

"साहेब, सेन्सर अजून बसवलेला नाही. तेही लिहू या."

"लिहा की. कुठे लिहिता?"

त्याने फॉर्म वरखाली केला. एका चौकटीत 'सेन्सर' टाइप करून पाहिलं. चौकट आकड्याशिवाय काही घेईना.

कारखान्याला ब्याऐंशी गुण पडले.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. भावोजी डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायचा सराव करत होते. ताई तिकडे न बघता भाजी निवडत होती.

"सेन्सर बसला का रे?" भावोजींनी विचारलं.

"मंजूर झालाय."

"म्हणजे नाही."

ताईने मान वर केली. "तुला ठाऊक होतं ना, बंद आहे ते? मग यांना सांगितलं का नाहीस?"

सांगितलं होतं. भावोजीच हसले होते, "मी नाही उभा राहिलो तर दुसरा कोणीतरी राहील, त्याचं काय?" आता भावोजी मान खाली घालून बटणाशीच झटत राहिले, आणि त्यानेही भाजीची एक जुडी ओढून निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तो प्रेसजवळ जाऊन उभा राहिला. नवा कामगार बिचकला.

"काही चुकलं का, साहेब?"

"नाही. तुमचं चालू द्या."

पाळी सुटेपर्यंत तो हलला नाही. नजर त्या दोन हातांवर, बोट प्रेस थांबवायच्या कळीवर. पण परवा हेड ऑफिसची माणसं येणार होती. ब्याऐंशी गुण कसे मिळवले, हे त्यांना त्यानेच समजावून सांगायचं होतं. त्या वेळी प्रेसपाशी कोणाला उभं करायचं, ते त्याला काही केल्या सुचत नव्हतं.