डबीमागची बारीक अक्षरं

वाशीच्या एका मॉलमध्ये स्किनकेअरच्या काउंटरवर लागले, तेव्हा मला तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि एक छापील कागद मिळाला होता. डावीकडे घटकाचं नाव, उजवीकडे ग्राहकाला सांगायचं वाक्य. नायसिनामाइड म्हणजे ग्लो, सॅलिसिलिक अ‍ॅसिड म्हणजे क्लिअर स्किन. मी ते पाढ्यांसारखं पाठ केलं. बारावीला केमिस्ट्रीत जेमतेम सुटले होते, त्यामुळे या नावांमागे काय आहे हे विचारायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटत नव्हती.

दुसऱ्याच महिन्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. सीरमची बाटली उचलून त्यांनी विचारलं की यात नायसिनामाइड कशासाठी असतं. मी म्हटलं, ग्लो येतो, मॅडम.

"ग्लो म्हणजे त्वचेत नेमकं काय होतं?"

मी कागदावरचं वाक्यच पुन्हा म्हटलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या तळोज्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कच्चा माल तपासायच्या आणि नावड्याला कॉलनीत राहायच्या. नायसिनामाइड म्हणजे एक ब जीवनसत्त्व, त्याने तेलकटपणा थोडा कमी होतो, डाग हळूहळू फिके होतात, असं त्यांनी मलाच समजावलं. मग शेजारची केशराची क्रीम उलटी करून मागची बारीक अक्षरं दाखवली. जे जास्त असतं ते यादीत आधी लिहितात, असं सांगून त्यांनी मला केशर शोधायला लावलं. ते सापडलं तळाशी, सुगंधाच्याही खाली.

त्यानंतर दर महिन्याला सनस्क्रीन घ्यायला त्या यायच्या आणि दहा मिनिटं माझ्यासाठी काढायच्या. मी त्यांना ताई म्हणू लागले, त्या सांगायच्या ते लिहायला एक वही घातली. एकदा त्या म्हणाल्या, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. लॅबमध्ये आम्ही तेच करतो." हे वाक्य मी वहीत सगळ्यात वर लिहिलं. गंमत म्हणजे, मी ग्राहकांना 'हे मला माहीत नाही, विचारून सांगते' म्हणायला लागले, तशी ती माणसं परत यायला लागली.

एका दुपारी उरणहून मायलेकी आल्या. मुलगी विशीची, तोंडावर ओढणी. ती बाजूला केली तर दोन्ही गाल लालबुंद, वर बारीक शिरा दिसत होत्या. पार्लरमधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून आठ महिने ती एक ट्यूब लावत होती. आधी रंग उजळला, मग एक दिवस लावली नाही की आग व्हायची. साखरपुडा दोन महिन्यांवर आलेला.

"बाय, पोरीचं तोंड बग," आई म्हणाली. "पानी लावलं तरी जलतंय. याच्यावर लावाला काय तरी चांगलं दे."

मी ट्यूबवरची नावं वाचली. दोन ओळखीची होती, तिसरं मोमेटासोन. ते वहीत नव्हतं. मी ताईंना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "मी काही डॉक्टर नाही. पण ते स्टेरॉइड आहे, एवढं नक्की. तू काही विकू नकोस. स्किनच्या डॉक्टरकडे पाठव, ट्यूब बरोबर न्यायला सांग."

मी तसं सांगितल्यावर आई चिडली. इतक्या लांबून आलो आणि ही पोरगी काही देत नाही, असं तिला वाटलं. मी स्वतः खाडीकाठच्या गावातली, घरी आमचीही बोली तीच. मग मी घरच्या बोलीतच मुलीला ते नाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं, खाली 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये' लिहिलं होतं तेही. मुलीने ट्यूब माझ्या हातातून घेतली आणि स्वतः पुन्हा वाचली. दोघी काही न घेता गेल्या. मॅनेजरने कारण विचारलं, ऐकलं, आणि होकारार्थी मान हलवून आत गेला.

चार-पाच महिन्यांनी त्या परत आल्या. मुलीचे गाल पूर्ण निवळले नव्हते, पण ओढणी खांद्यावर होती. डॉक्टरांनी औषध देऊन सांगितलं होतं की वेळ लागेल.

"साकरपुरा झाला," आई म्हणाली. "तोंड लालच होतं तवा. पोराकरचे काय बोलले नाय." आणि तिने कागदात बांधलेले सोडे माझ्या हातात दिले. घरी वाळवलेली कोलंबी, काउंटरभर वास सुटला. त्या वासावरून मॅनेजर काही बोलला नाही, याबद्दलही मी त्याची आभारी आहे.

रविवारी मी सोडे घेऊन नावड्याला गेले. ताई मूळच्या मराठवाड्यातल्या, सोडे कसे करायचे त्यांना ठाऊक नव्हतं. मी ते भिजत घातले, वांगं चिरलं. कांदा परतताना मी आभार मानायला गेले, तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मी फक्त फोनवर बोलले. समोर उभी तू होतीस."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांनी त्या पहिल्या दिवशी माझी फजिती करून निघून जाणं किती सोपं होतं, हे मला ठाऊक आहे. त्या थांबल्या. जेवताना ताईंनी दोनदा वाढून घेतलं, आणि मला फार बरं वाटलं.