मी बुडवलेली बाई

अकरा वर्षांपूर्वी मी जिला समुद्रात बुडवलं, ती बाई सावंतवाडीच्या बाजारात बांगडे विकत बसलेली मला सापडली. सापडली म्हणजे मोबाइलवर. मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "कादंबरीचा दुसरा भाग काढलात आणि आम्हाला पत्ताच नाही!" मी दुसरा भाग वगैरे काही लिहिला नव्हता. पहिलाच लिहिता लिहिता माझी चाळिशी उलटली होती.

गोष्टी वाचायचं एक अ‍ॅप होतं आणि त्यावर कुणा मुलीने माझ्या पुस्तकाच्या शेवटापासून पुढे लिहायला घेतलं होतं. माझी नायिका मासे विकणारी विधवा. शेवटच्या पानावर ती पहाटे तारकर्लीच्या किनाऱ्यावरून पाण्यात चालत जाते आणि परत येत नाही. त्या शेवटाचं फार कौतुक झालं होतं. एका परीक्षणात त्याला 'अटळ' म्हटलं होतं, तो शब्द मी कितीतरी वर्षं खडीसाखरेसारखा तोंडात धरला होता. ह्या मुलीने काय केलं, तर बाईला गळ्यापर्यंत पाण्यात नेलं आणि मागे फिरवलं. बाई किनाऱ्यावर येते, लुगडं पिळते, म्हणते, "आज बाजार चुकलो." आणि दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन हजर. असे तेवीस भाग झाले होते. वरती स्वच्छ लिहिलेलं होतं की पात्र माझ्या कादंबरीतलं आहे, पण 'मला ती मेलेली चालणार नाही'.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चालणार नाही म्हणजे काय? ही कोण टिकोजीराव?

पुढचा तास ऑफ होता. स्टाफरूममध्ये बसून मी तेवीसच्या तेवीस भाग वाचले, मुख्यतः चुका काढण्यासाठी. चुका होत्याच. एका ठिकाणी तिने बाईला मोरीचे खवले काढायला बसवलं होतं. मोरी म्हणजे शार्क मासा, तिला कसले आलेत खवले? ही पोर समुद्रापासून लांब, काजूच्या मुलखातली असणार, हे मी तिथेच ओळखलं. मग एक बर्फाचा गाडीवाला आला होता. बाईचं त्याच्याशी रोज भांडण, आणि खाली वाचकांचा आग्रह, 'आता लग्न लावा यांचं.' मी हसले, इंग्रजीच्या बाईंना वाचून दाखवून त्यांनाही हसवलं. पण एका भागात ती बाई वर्षभराने पहिल्यांदा आरशासमोर बसून केस विंचरते, तो भाग मी दोनदा वाचला आणि त्याबद्दल कुणाला काही बोलले नाही.

मुलीला मी अ‍ॅपवरच निरोप पाठवला. तीन मिनिटांत उत्तर आलं. "बाई, तुम्ही वाचलंत? खरंच तुम्हीच ना?" दोडामार्गाकडची होती, गोव्यात औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची आणि येता-जाता कंपनीच्या बसमध्ये फोनवर लिहायची. माझं पुस्तक तिने बारावीत असताना वाचलं होतं. मी तिला सावंतवाडीच्या एका ग्रंथालयातल्या वाचक मेळाव्याला बोलावलं, तिथे माझं भाषण होतं. तिला वाटलं, हे कौतुकाचं आमंत्रण आहे. मी तिचा तो गैरसमज दूर केला नाही. आज हे लिहिताना मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

मेळाव्यात मी ठरवून विषय काढला: दुसऱ्याच्या पात्रांवर लिहावं का? म्हटलं, याला हल्ली फॅन फिक्शन म्हणतात, आमच्या वेळी चोरी म्हणत. लोक हसले. मग सभागृहात दोन तट पडले. एक निवृत्त मास्तर म्हणाले, लेखक एक पात्र उभं करायला आयुष्य झिजवतो आणि हे आयत्या बिळावर नागोबा. मागून एकजण उठला, "मास्तर, दशावतारात राजा रोज नवीन संवाद म्हणतो, तो कोणाची परवानगी घेतो?" त्यावर मास्तरांनी पुराण वेगळं आणि कादंबरी वेगळी असं सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. एक कथालेखक मिश्किलपणे म्हणाले, "माझ्या पात्रांवर कुणी लिहीत नाही हेच माझं दुःख आहे." एका आजींनी तर थेट मलाच धरलं. म्हणाल्या, "तुमचा शेवट मला आवडला नव्हता. मी मनातल्या मनात तिला कधीच परत आणली होती. मीही चोर का?" मी हसून म्हटलं, मनात ठेवलंत तोवर नाही.

मग मी त्या मुलीला उभं केलं. बारीक, कारखान्याचा थकवा डोळ्यांखाली, पण चांगली साडी नेसून आलेली. मी माइकवरून विचारलं, की एवढीच हौस आहे तर स्वतःचं पात्र का जन्माला घालत नाहीस? दुसऱ्याचं मूल कडेवर घेऊन मिरवायचं, यात कसली आलीय प्रतिभा? आणि वर मोरीच्या खवल्यांचा किस्सा सांगितला. सभागृह पोट धरधरून हसलं.

ती एवढंच म्हणाली, "बाई, मला ती मेलेली सहन झाली नाही. मी पैसे घेतले नाहीत, तुमचं नाव लपवलं नाही." मग तिने पर्समधून फोन काढला, अंगठ्याने दोनदा काहीतरी दाबलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. "बघा, गेली गोष्ट." माझ्या शेजारी बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाबरोबर कांदाभजी होती. मी दोन प्लेट खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, मी तारकर्लीला मावशीकडे गेले. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिचा नवरा तिच्या तिशीतच होडीसकट गेला. मग तिने तीस वर्षं मासे विकून दोन मुलं वाढवली. माझी नायिका मी तिच्यावरूनच घेतली होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि गावात ते सांगायची गरजही पडली नाही. तिला लिहिता-वाचता येत नाही. पुस्तक आलं तेव्हा मी एक प्रत सही करून तिच्या हातात दिली होती. तिने ती पदराने पुसून ट्रंकेत ठेवली. माझ्या लेखी विषय तिथे संपला होता.

आता तिला साखरेमुळे नीट दिसत नाही. घरामागे मुलाने पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्यात, त्या सून बघते. मी गेले तेव्हा समोर किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. लांबलचक जाळं होडीने समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोरीला जो हात लावेल त्याला वाटा, ही आमच्याकडची रीत. त्यात आपला-परका बघत नाहीत. त्या दिवशी खोल्यांमधले दोन पर्यटकही फोटोसाठी ओढू लागले होते, त्यांनाही पिशवीभर पेडवे मिळाले. पिशवी धरून ते गोंधळून उभे होते. सुनेने ती घेतली आणि तळून देते म्हणाली.

मावशी व्हरांड्यात बसली होती. माझा आवाज ऐकून तिचा चेहरा फुलला. "इलंस गो? बरां झालां. तू लिवणारी, तुका म्हायत आसतला. त्या बायचा फुडे काय झालां? बर्फवालो परत इलो काय नाय?"

मला आधी कळेचना. सून पेडवे निवडता निवडता म्हणाली, "रोज दुपारी वाचून दाखवतंय मी आयेक. पंधरा दिस झाले, आता फोनार काय दिसणाच नाय."

कोणती गोष्ट, ते आता माझ्या लक्षात आलं. तरी मी ताठपणे म्हटलं, "ती गोष्ट मिया काढूक लावलंय, मावशे."

"कित्या?"

"माझ्या पुस्तकातली बाय ती. माझी."

मावशीने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "ती मी मां गो?"

तिने आवाज चढवला नाही, पाटीपुढे गिऱ्हाइकाला दर सांगावा तशी सांगत गेली. "तू माका मारलंस. पुस्तक गावात सगळ्यांनी वाचलां. मी पाटी घेवन बसलंय काय बायो माझ्या तोंडाकडे बघीत. माझ्या झिलान माका इचारल्यान, आये, तू खरीच गेल्लंस काय गो पाण्यात, आमका सोडून? काय सांगू मी तेका? घो गेलो तरी एक दिस बाजार चुकवक नाय मिया. इचारलंस तू माका? एकदा तरी?"

सुनेने मान वर केली नाही. पेडवे निवडायचे तिचे हात मात्र थांबले होते. मला तेव्हा कळलं, की ह्या घरात सगळ्यांना हे अकरा वर्षं ठाऊक होतं. मी दर सणाला यायचे, जेवायचे, पुरस्काराचे फोटो दाखवायचे, आणि कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

"त्या चेडवान माका भायर काढल्यान," मावशी म्हणाली. "लुगडां पिळून बाजारात बसवल्यान. आणि तू तिका हाकलून दिलंस? रापणीक हात लावलो, तेका वाटो. कोणाचां चेडू तू, ह्या पण इसारलंस?"

मी उठून अंगणात गेले आणि मेळाव्याच्या वेळी घेतलेल्या नंबरवर त्या मुलीला फोन लावला. म्हटलं, ती गोष्ट परत टाक, मी चुकले. ती नम्रपणे म्हणाली, "बाई, मी सरळ अ‍ॅपमध्येच लिहायचे. दुसरीकडे कुठे ठेवलेलं नाही." मग पुढे काय होणार होतं ते तरी सांग, असं मी विनवलं. "आठवत नाही," ती म्हणाली. "आता लिहीत नाही मी. बसमध्ये झोपते." रविवारीही ती पाळीवर होती; तिच्या मागे कारखान्याची कसलीशी घंटा वाजली आणि तिने परवानगी घेऊन फोन ठेवला.

म्हणून मग मीच लिहायला बसले. माझ्याच पुस्तकातल्या बाईवर, त्या मुलीने जिथे सोडलं तिथून पुढे. आठ दिवस धडपडले. तिच्यासारखी छोटी छोटी वाक्यं लिहून पाहिली. बर्फवाल्याला आणला, त्यांचं भांडण लावलं, मोरीचे खवलेसुद्धा मुद्दाम तसेच ठेवले. पुढच्या रविवारी कागद घेऊन मावशीपुढे बसले आणि वाचू लागले. ती डोळे मिटून ऐकत होती. पहिल्या पानावर एकदा हसलीही. दुसऱ्या पानावर बाई सांजवेळी बाजारातून परतताना किनाऱ्यावर क्षणभर उभी राहते, असं मी लिहिलं होतं. नुसती उभी राहते, वारा खात.

मावशीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुरे गो. ही परत मरतली. माका कळता."

मी वाद घातला, तिला मारायचं माझ्या मनातसुद्धा नाही म्हणाले. तिने नुसती मान हलवली. कागद घडी करताना मी ते पान पुन्हा वाचलं, आणि ती म्हणत होती ते खरं होतं. पुढचं वाक्य मला येत होतं आणि ते पाण्याकडेच चाललं होतं. मला तेवढंच लिहिता येतं की काय, ह्या विचाराने मला तिथेच रडू आलं. मावशीने मला रडू दिलं. मग सुनेला हाक मारून एक पुडकं आणायला सांगितलं. त्यात मावशीने स्वतः उन्हात वाळवलेले बांगडे होते, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलेले.

"ह्यो त्या चेडवाचो वाटो. तिका नेवन दी. तुझ्या हातान."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून दोडामार्गला गेले. एसटीत सुक्या मासळीच्या वासाने शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. कंपनीच्या बसगाड्या जिथे थांबतात तिथे तासभर उभी राहिले. ती उतरली, मला पाहिलं, आणि पर्सचा पट्टा तिने घट्ट धरला. मी आणखी काही काढून टाकायला सांगायला आले असेन, असं तिला वाटलं असावं. मी पुडकं पुढे केलं.

"हे काय, बाई?"

"सुके बांगडे. तुझा वाटा."

"कोणी दिला?"

"तिनं," मी म्हटलं. "जिला मी बुडवलं आणि तू घरी आणलंस, तिनं. माझी मावशी आहे ती. तुझी गोष्ट ऐकायची रोज. पुढचं ऐकायला थांबलीय."

तिने पुडकं दोन्ही हातांनी घेतलं. बसमधून उतरलेल्या मुली आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेल्या. तिचा चेहरा आधी उजळला आणि मग एकदम उतरला, आणि माझ्याशी इतके दिवस शुद्ध बोलणारी ती पोर तिच्या घरच्या भाषेत बोलली.

"म्हणजे ती खरी आसा? अगो बाय. मगे लिवच्याआधी माका तिका इचारूक होया होता."