भिंतीवरचा गहू

दवाखान्याच्या भिंतीवर गव्हाचं पीक घेणारी अमरावतीतली पहिली बाई बहुधा मीच. आणि हे मी मुद्दाम केलेलं नाही.

माझं माहेर पार कागलकडचं. नववीत शाळा सुटली आणि लग्न होऊन थेट अमरावतीजवळचं वलगाव गाठलं. सासरी फुलांचा मळा. अलीकडे नवऱ्याने नवीन काम धरलंय. शहरातल्या उघड्या भिंतींना कापडी कप्पे टांगायचे, त्यांत झाडं लावायची, नळीने थेंबथेंब पाणी सोडायचं. याला 'जिवंत भिंत' म्हणतात. (भिंत जिवंत राहते, लावणारा अर्धा मरतो!)

यंदा एका बालरुग्णालयाची भिंत आली, तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मुलाला म्हणाल्या, "हे काम सुनेले दे."

"आई, तिले जमते का?"

"तुले तरी पयल्या डाव कुठं जमलं होतं!"

त्या माउलीचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले मी. पण भिंत बिघडली तर माझ्या नशिबी पुन्हा हार ओवणं, आणि माझ्यापेक्षा जास्त मान खाली जाणार ती आत्याबाईंची.

चौकटीच्या वहीत मी चित्र काढलं. खाली नेचे, मधून मनीप्लांटची लाट, वर लालसर पानांचा पट्टा. डॉक्टरांनी ते पास केलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कप्पे भरायला घेतले. दोन ओळी झाल्या आणि खतमाती संपली! नवरा रोपं आणायला अकोल्याला, फोन लागेना. आत्याबाई भातकुलीला भावाकडे. घरामागे मात्र पाच पोती काळी, भुसभुशीत माती! देवच पावला म्हटलं आणि पाचही पोती भिंतीत भरली, संध्याकाळी आलेली रोपं त्यात लावली. पाणी तर नळीतून आपोआप. मग दिवाळीच्या झेंडूची गडबड उडाली आणि मी भिंतीकडे पंधरा दिवस फिरकलेच नाही.

भिंतीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आत्याबाई भातकुलीहून आल्या.

"सूनबाई, मांगची पोती कुठं गेली व?"

"भिंतीत भरली."

"कोनत्या भितीत?"

"दवाखान्याच्या."

आत्याबाई ओट्यावर मटकन बसल्या. "माय माय! अवं, साऱ्या गल्लीचे घट होते ते! पायाखाली येऊ नये म्हनून वावरात टाकाले जमा केले होते!"

माझ्या माहेरी नवरात्रातल्या घटांची माती दसऱ्यालाच नदीत जाते. इथे ती पोत्यांत थांबली असेल, हे मला कोण सांगणार? घटात पेरलेले कितीतरी दाणे उगवायचे राहिलेले असतात. ते माझ्या भिंतीत निवांत उगवले! जाऊन बघते तर नेचे गायब, मनीप्लांट गायब, आणि वरपासून खालपर्यंत वीत-वीत गहू! मधूनमधून ज्वारी!

सकाळी उजाडताच मी विळा घेऊन निघाले. आत्याबाई म्हणाल्या, "चाल, मीबी येतो. स्टूल धराले तं कोनी पायजे!"

मी स्टुलावर चढून पहिली मूठ धरली आणि मागून आवाज आला, "ए! काय करून राहिली व?"

डॉक्टरांची म्हातारी आई! मूळची हिवरखेडची, शेतात जन्म गेलेली.

"आजी, चुकून उगवलंय. कापून टाकते."

"पोराइच्या दवाखान्यावर धान उगवलं अन् कापाले निघाली? हात लावशीन तं खबरदार!"

आरडाओरडा ऐकून डॉक्टर खाली आले. "पण आई, चित्रात तर नेचे होते..."

"चित्र ठेव खिशात! तू झाला त्या सकाळी मी गहूच सोंगून राहिलो होतो. समजलं?"

डॉक्टरांनी चित्र खरंच खिशात ठेवलं.

पाहुणे आले. बाया भिंतीला हात जोडू लागल्या. इंजेक्शन घेऊन रडणारी पोरं हिरव्या पात्यांवर तळवे फिरवून गप्प होऊ लागली! अकोल्याचे एक डॉक्टर म्हणाले, "आमच्या दवाखान्यालाही अशीच भिंत पाहिजे. कल्पना कोणाची?"

"साहेब, खरं म्हणजे..." मी तोंड उघडलं आणि आत्याबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य पोटातच राहिलं.

"माह्या सुनेची!" त्या गरजल्या.

तेवढ्यात फीत कापायला कात्री सापडेना. म्हातारी म्हणाली, "विळा हाय न तिच्या हातात! तिलेच कापू द्या."

सगळ्या अमरावतीसमोर फीत मी कापली! टाळ्या! अकोल्याची भिंत तिथल्या तिथे माझ्या नावावर लागली. आत्याबाईंचे डोळे भरले, माझे तर वाहतच होते.

गहिवरून विळ्याने फीत कापतानाचा फोटो मी आईला मोबाइलवर पाठवला. लगेच फोन आला.

"अगं, अजून शेतातच राबवत्यात व्हय तुला?"

"शेत न्हाई आई, भिंत हाय! माझं काम बघून मानानं फीत कापायला लावली मला!"

आईने फोटो मोठा करून बघितला असावा.

"ते असू दे. पण पोरी, इळा उलटा धरलायस की गं!"